दिवाणखान्यात पाडलेलं ऊन

तो माणूस माझ्या स्टुडिओत आला आणि त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती. त्या भिंतीकडे बघतच त्याने विचारलं, "साहेब नाहीत का?"

"साहेब कोणी नाहीत. स्टुडिओ माझा आहे. बोला."

अमरावतीत इतकी वर्षं फोटोग्राफी करूनही हा प्रश्न मला अधूनमधून ऐकावा लागतो आणि दर वेळी नव्याने राग येतो. तो बसला नाही. पांढरा कडक शर्ट, खिशात दोन मोबाईल, बोटात पुष्कराज. परतवाड्याजवळ संत्र्याची मोठी बाग आहे, अमरावतीत बंगला आहे, भाऊ वारल्यापासून भावजय आणि पुतणी आपल्याकडेच असतात, ही माहिती त्याने मी न विचारताच दिली. मग एक मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर मीच काढलेला एक फोटो होता. निवृत्त शिक्षिका खिडकीशी बसलेल्या, गालावर आणि चष्म्याच्या काडीवर सकाळचं ऊन.

"हा म्हणे तुमी लाईट लावून काढला. खरं का?"

"खरं आहे. त्या दिवशी बाहेर ढग होते."

"म्हणजे खोलीत ऊन पाडता येते तुमाले."

"येतं."

"मंग आमच्या घरी या. पुतणीचा फोटो काढायचा आहे, स्थळासाठी. असा पाहिजे का पोट्टी आमच्या बागेत उभी आहे, चांगली उन्हात. पण काढायचा घरी. दिवाणखान्यात."

"तुमची स्वतःची बाग आहे, तर तिथेच जाऊ की. खरं ऊन असताना खोटं कशाला?"

"घरीच काढायचा." त्याचा आवाज चढला. "काळी पडते थे उन्हानं. जमत असन तर सांगा, नाही तं दुसरा पाहतो."

स्थळाचे फोटो हा माझ्या धंद्यातला मला सगळ्यात नकोसा भाग. आई मुलीला घेऊन येते, मुलगी गप्प असते, आणि आई माझ्या कानाशी येऊन म्हणते, 'थोडी उजळ करा.' मी करत नाही. त्यावरून माझी कित्येक घरांशी भांडणं झाली आहेत. हा काकाही त्यातलाच, असं मी ठरवून टाकलं. उन्हाने काळी पडणारी लाडावलेली पुतणी, तिला पावडर लावून माझ्यापुढे उभं करणार, आणि वर बागायतदारीचा थाट दाखवायला मागे संत्री.

तरी मी हो म्हटलं. एक तर 'जमत असन तर' हे शब्द मला झोंबले होते. दुसरं म्हणजे लोक माझ्याकडे रूप मागायला येतात, ऊन मागायला कोणी येत नाही. हा आला होता.

ऊन कसं असतं ते मला कोणाकडून शिकावं लागलं नाही. मी अकोल्याची. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात, नळाच्या पाण्याने हात भाजतो आणि विजेच्या खांबाची सावली डांबरावर पात्याने कापल्यासारखी पडते. मी काम शिकायला लागले तेव्हा मला सगळ्यांनी प्रकाश मऊ करायला शिकवलं. छत्री लावा, पांढरं कापड लावा, सुरकुत्या दिसायला नकोत, घाम दिसायला नको. मला त्याचा कंटाळा आला. मला ते अकोल्याचं निर्दय ऊन खोलीत आणायचं होतं.

ते अवघड असतं, कारण दिवा जवळ असतो. जवळचा दिवा नाकावर भडक पडतो आणि कानापर्यंत जाताजाता मंदावतो. सूर्य इतका लांब आहे की त्याला नाक काय, कान काय आणि मागची भिंत काय, सगळं सारखंच. म्हणून दिवा घर देईल तेवढा लांब न्यायचा. त्याचं तोंड लहान ठेवायचं, म्हणजे सावलीला धार येते. त्यावर पिवळसर कागद लावायचा, आणि सावलीच्या बाजूने अगदी थोडा निळसर उजेड सोडायचा, कारण खऱ्या सावलीत आभाळ उतरलेलं असतं. शेवटी मध्ये काहीतरी आडवं धरायचं, पानं म्हणा, गज म्हणा. एवढं केलं की बघणारा फसतो. फसवण्याच्या या कामाचा मला अभिमान होता, आणि आहे.

ठरलेल्या दिवशी मी दुपारी सामान घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेले. बाहेर डोळे दिपवणारा उजेड आणि आत पाऊल टाकलं तर ट्यूबलाइट चालू. सगळ्या काचांना काळी फिल्म, त्यावर जाड पडदे, आणि पडद्यांच्या कडा चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलेल्या. मला वाटलं एसीसाठी असेल. श्रीमंतांची तऱ्हा.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, जमिनीवर, एका प्लास्टिकच्या बादलीत संत्र्याची मोठी फांदी उभी केली होती. काकाने सकाळीच बागेतून तोडून आणवलेली. पानं अजून ताजी, फळं पिकायला आलेली. सोफ्यावर पुतणी बसली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लांब बाह्यांचा कुर्ता, गळ्यापर्यंत ओढणी, चेहऱ्यावर मेकअपचा जाड थर. तिची आई तिच्यामागे उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"आल्या का ऊन घेऊन?" मुलगी म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

"आले. उठून खिडकीजवळ उभी राहा, मला जागा पाहायची आहे."

"आधी लाईट कोणता आहे ते सांगा."

"तुला काय करायचंय? फोटो आल्यावर बघ."

"फ्लॅश आहे का?"

"फ्लॅश असो नाही तर कंदील. मला माझं काम करू दे."

"फ्लॅश असन तं मी उभी राहत नाही," ती म्हणाली. "काकाले सांगा, नाही तं जा परत."

मी बॅग खाली आपटली. असले नखरे मी कधी सहन केलेले नाहीत. "हे बघ," मी म्हटलं, "लग्न तुझं आहे, माझं नाही. उन्हात काळी पडतेस म्हणून हा सगळा तमाशा घरात मांडलाय. वर लाईट कोणता तेही तूच ठरवणार?"

आई पुढे आली. "नाही हो मॅडम, तसं नाही..."

"थांब आई." मुलीने टेबलावरचा ओला रुमाल उचलला आणि गालावरून, नाकावरून खसाखसा फिरवला. मेकअप निघाला. खाली दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लालसर चट्टा होता, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. "काळी नाही पडत मी. हे होते. अन् हे तर वरचं आहे. ताप येते, बोटं वळत नाहीत, मागच्या वर्षी किडनीवर आलं होतं. ल्युपस म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरांनी ऊन बंद केलं आहे. आता सांगा, तुमच्या फ्लॅशमधी ते उन्हातले किरण असतात का नाही?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं. खरं होतं ते. "काही फ्लॅशमध्ये असतात असं ऐकलंय."

"मंग?"

"आज मी फ्लॅश आणलेला नाही. एलईडी आहे."

"घरातले एलईडी चालतात, असं डॉक्टर म्हणाले. किती लांब ठेवान?"

"दाराबाहेर. पॅसेजच्या पार त्या टोकाला."

तिने मान हलवली. आईने घाईघाईने दरवाज्याकडे पाहिलं. काका बाहेर फोनवर कोणाशी तरी मोठ्याने बोलत होता.

पुढचं सगळं तिनेच सांगितलं, भराभर, काका आत येण्याआधी. अकोल्याचं स्थळ होतं. मुलगा नोकरीचा, घरची शेती, लोक चांगले. त्यांच्या कानावर कुठून तरी आलं होतं की मुलगी दिवसा घराबाहेर पडत नाही. त्यांनी काकाला सरळ विचारलं. काकाने सांगितलं, अफवा आहे, पोरगी दर रविवारी बागेत असते, फोटोच पाठवतो.

मी आईकडे वळले. "आणि तुम्हाला हे चालतं?"

आईने पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळायला घेतलं.

मी दिवा पुन्हा पेटीत ठेवायला लागले. एखाद्याच्या गालावर खोटं ऊन पाडणं वेगळं आणि त्या उन्हाचा दाखला म्हणून वापर करणं वेगळं. लग्न होऊन अकोल्याला गेली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात काय झालं असतं, हे मला, तिथेच वाढलेल्या बाईला, कोणी सांगायची गरज नव्हती. त्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला ते आपल्या छपराखाली व्हायला नको होतं, एवढंच.

"तुम्ही जाऊन काय होईन?" मुलगी म्हणाली. "उद्या दुसरा येईन. फ्लॅश घेऊन. काढा तुम्ही."

तिच्या बोलण्यात विनवणी अजिबात नव्हती. मला चिडवत असल्यासारखंच ती बोलत होती. मी थांबले, पण मनातून काकावर, त्या गप्प आईवर आणि थोडी त्या मुलीवरही भयंकर चिडलेली होते.

काका आत आला तेव्हा मी दिवा पॅसेजच्या टोकाला लावला होता. मधली दोन्ही दारं उघडी ठेवून उजेडाला लांबच लांब वाट करून दिली. ट्यूबलाइट बंद केली. दिवा सुरू केला आणि त्या अंधाऱ्या दिवाणखान्यात तिरपं, पिवळं, धारदार ऊन पडलं. फरशीवर दाराच्या चौकटीची सावली उमटली. हवेत धूळ तरंगायला लागली. आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

काकाने मात्र डोळे बारीक करून पाहिलं. "एवढंच? अजून कडक पाडा. आमच्या बागेत असं मिळमिळीत ऊन नसते."

"तुमच्या बागेत तुम्ही पाडा. इथे मी पाडतेय."

"बाई, तोंड सांभाळून."

"बाई नाही, मॅडम."

मुलगी पहिल्यांदा हसली, तेही नाकातल्या नाकात.

फांदी बादलीत नीट राहीना. फळांच्या वजनाने एका बाजूला कलायची. मी काकालाच म्हटलं, "धरा ती. तिच्या खांद्याच्या मागे, पानं गालावर सावली पाडतील अशी." त्याला ते अपमानास्पद वाटलं, पण फोटो त्याला हवा होता. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी फांदी उंच धरून राहिला. पांढऱ्या शर्टावर फांदीच्या टोकाचं पाणी ठिबकत होतं.

मुलगी उजेडात येऊन उभी राहिली. मी तिला मान थोडी वर करायला सांगितली. तिने केली, आणि डोळे मिटून घेतले. सूर्याकडे तोंड करून माणूस डोळे मिटतो तसे. चट्ट्यावर पुन्हा मेकअप चढवलेला होता, त्यावरून पानांच्या सावल्या सरकत होत्या. किती वर्षांनी असं उभी राहिली असेल, असा विचार मनात आला आणि मी कॅमेरा खाली घेतला. 

"गरम लागत नाही," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"एलईडी आहे. नाही लागणार."

"मंग हे काहीच नाही." तिने डोळे उघडले. ते भरले होते आणि ती संतापलेली होती. "बंद करा. आई, बंद करायला सांग याईले."

"नाटकं नोको करू," काका फांदीमागून गुरकावला. "हात भरून आले माहे. उभी राय सरळ. अन् हास."

"हसते ना काका. तुमच्यासाठी नाही हसणार तं कोणासाठी हसणार?"

त्यानंतरचे फोटो चांगले आले. माझ्या हातून इतकं खरं वाटणारं ऊन त्याआधी पडलं नव्हतं. फक्त एक खोट राहिली होती. खऱ्या उन्हात माणूस डोळे किलकिले करतो, आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. ते मला दिसत होतं, काकाला दिसत नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं.

मी तिच्या कपाळावरची बट नीट करायला जवळ गेले. ती ओठ न हलवता बोलली, "एक फोटो मागे जाऊन काढा. सगळं आलं पाहिजे. बादली, लाईट, काका."

"कशाला?"

"काढा तर."

मी लेन्स बदलली आणि पार सोफ्याच्या मागे गेले. तिथून दिवाणखाना अख्खा दिसत होता. चिकटपट्टी लावलेले पडदे, उघड्या दारातून पॅसेजच्या टोकाला स्टँडवरचा दिवा, निळी बादली, गुडघ्यावर बसून फांदी पेललेला घामाघूम काका, आणि मधोमध सोनेरी उन्हात ती, सरळ कॅमेऱ्याकडे बघत.

"आता काय?" काका म्हणाला.

"लाईट तपासतेय," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी मी काकाला त्याचे फोटो पाठवले. त्याचा 'एक नंबर' असा निरोप आला, सोबत अंगठा. मुलीचा नंबर तिने निघताना दिला होता, त्यावर तो एकच फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक फोन आला. अकोल्याहून, तरुण, शिकलेला आवाज. फोटोवरच्या स्टुडिओच्या नावावरून त्याने माझा नंबर शोधला होता. स्वतःची ओळख त्याने 'तो मुलगा' अशी करून दिली. मुलीने बायोडाटावरच्या त्याच्या नंबरवर तो दुसरा फोटो पाठवला होता. सोबत काय लिहिलं होतं तेही त्याने वाचून दाखवलं. 'हा त्याच दिवशीचा फोटो आहे. मी बागेत नाही, दिवाणखान्यात आहे. मला ल्युपस आहे, ऊन चालत नाही. फांदी धरून बसले ते माझे काका. तरी यायचं असेल तर संध्याकाळी या.'

"मॅडम, हे खरं आहे का?" त्याने विचारलं.

"तिने लिहिलंय ना? मग मला कशाला विचारता?"

"नाही, म्हणजे, फोटो तुम्ही काढलेत म्हणून. आणि ते... पुढे मुलंबाळं वगैरे, त्याचं काही..."

"तिचा नंबर आहे तुमच्याकडे. तिला विचारा."

"असं एकदम मुलीला विचारणं बरं दिसत नाही."

"एका फोटोवरून बायको ठरवत होतात, ते बरं दिसत होतं?"

तो काहीतरी पुटपुटला. मी फोन ठेवला. त्याने तिला कधीच विचारलं नाही. त्याच्या घरच्यांनी काकाला फोन करून काय सुनावलं ते मला काकाच्याच तोंडून कळलं, कारण दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत शिरला तो ओरडतच.

"आमच्या घरात घुसून आमच्याच पोट्टीले फितवलं तुमी! मी गुडघ्यावर बसलो होतो तो फोटो अख्ख्या अकोल्यात फिरून राहिला! समजता काय सोताले?"

"आवाज खाली. हा माझा स्टुडिओ आहे."

"कायचा स्टुडिओ? दुकान आहे हे! लोकाच्या घरची इज्जत विकाचं दुकान!"

"मी एक फोटो काढला. त्यात जे होतं तेच आलं. खोटा होता तो तुम्ही पाठवलेला."

"दोनी तुमीच काढले!"

ते मला लागलं. पण मी ते त्याला कळू दिलं नाही. "पुतणीला मरायला अकोल्याला पाठवत होतात," मी म्हटलं, "आणि माझ्याकडे येऊन इज्जत सांगता?"

त्याने दिव्याच्या स्टँडला लाथ घातली. दिवा तोंडावर आपटला आणि समोरची काच फुटली. मी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.  शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला आवाज ऐकून आत आला आणि काकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाराकडे घेऊन गेला. पायरीवर उभं राहून काका ओरडला, "या बाईले कोनी काम देनार नाही. पाहतोच मी."

त्याने ते करून दाखवलं. त्याच्या नात्यागोत्यातली, ओळखीपाळखीतली लग्नं माझ्या हातून गेली. लोक फोनवर गोड बोलायचे आणि तारीख जवळ आली की कळवायचे की मुलाच्या मावसभावानेच कॅमेरा घेतलाय. 'ती बाई घरं फोडते,' असं माझ्याबद्दल बोललं जातंय हे मला एका कॅटरिंगवाल्याने हसत हसत सांगितलं. मी त्याच्याशी पुन्हा बोलले नाही.

या सगळ्यात एक दिवस मुलीची आई आली. एकटी, ऑटो करून. मला वाटलं आभार मानायला आली असेल. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तुमचं काय गेलं मॅडम?" ती म्हणाली. त्या दिवशी दिवाणखान्यात पदर गुंडाळणारी हीच बाई, हे मला खरं वाटेना. "तुमी फोटो काढून मोकळ्या झाल्या. माहा दीर आता ताटावरून उठून जाते. पोरीशी बोलत नाही, माह्याशी बोलत नाही. तिच्या गोळ्या संपल्या तं कोणाले सांगू? तुमाले सांगू?"

"तुमची मुलगी वाचली, ताई."

"अन् आता जगवायची कोणी?"

मी चिडले. "त्या दिवशी तुम्हीही बोलू शकला असता. आई आहात तुम्ही. एवढं सगळं डोळ्यांसमोर चाललं होतं आणि तुम्ही मागे उभ्या!"

"कोणाच्या घरात राहून बोलू?" ती म्हणाली. "सांगा ना. कोणाच्या घरात राहून?"

 ती दार लोटून निघून गेली. तिचा माझ्यावरचा राग मी अन्यायाचा मानला होता. तसा तो सगळा नव्हता, हे मला त्या दिवशी खुर्ची जागेवर सरकवताना कळलं, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला, कोणावर ते सांगता येणार नाही.

पण त्या बाईने पुढे जे केलं ते माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने दिराकडे नवऱ्याच्या वाट्याचं मागितलं. नातेवाईक बसले, आरडाओरडा झाला, तिला लोभी म्हटलं गेलं, मुलीला शाप म्हटलं गेलं. ती हटली नाही. बागेचा एक तुकडा तिच्याकडे आला, तो तिने कसायला दिला आणि मायलेकी अमरावतीतच एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहायला गेल्या. दोन खोल्या, दोन्ही बाजूंना उंच भिंती, ऊन कधी येत नाही म्हणून कित्येक महिने रिकाम्या पडलेल्या. मुलीने बी.एस्सी. केलेलं होतं. ती घरातूनच अकरावी-बारावीच्या मुलांना मोबाईलवर रसायनशास्त्र शिकवायला लागली. शिकवायची चांगली, पण फार ओरडते, असं तिच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या आईने मला सांगितलं. मला नवल वाटलं नाही.

हे सगळं मला इकडून तिकडून कळत गेलं. ती स्वतः माझ्याकडे एकदाच आली. एका संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, आईला स्कूटीवर मागे बसवून स्टुडिओत आली. क्लासच्या जाहिरातीसाठी फोटो हवा होता. मी पांढरा पडदा लावला आणि दिवा मऊ करायला कापड काढलं.

"मेकअप करून येऊ का?" तिने विचारलं. चट्टा फिकट झाला होता, पण होता.

"तुझी मर्जी."

"नाही करत. मुलं रोजच पाहतात."

आई बाकावर बसून होती. माझ्याशी बोलली नाही, पण मी दिलेला चहा घेतला. फोटो झाले. मुलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पाहिले, एक निवडला, पैसे विचारले आणि पूर्ण दिले. मी कमी करायला गेले तर म्हणाली, "मेहेरबानी नको."

तेव्हा मी मनातली गोष्ट काढली. नागपूरला एक प्रदर्शन भरणार होतं आणि मला तो फोटो तिथे लावायचा होता, तो मागून काढलेला. त्यात मला जे काही येतं ते सगळं होतं. पाडलेलं ऊन आणि ते पाडणारं सामान, दोन्ही एकाच चौकटीत. मी तिला समजावून सांगितलं, नाव येणार नाही, गाव येणार नाही.

"नाही," ती म्हणाली.

"का पण? आता सगळ्यांना माहीतच आहे."

"तो फोटो एका माणसाला दाखवायला काढला होता. त्यानं पाहिला. झालं."

"काढला मी आहे."

"उभी मी होती."

मी आणखी बोलायला तोंड उघडलं तर आई बाकावरून उठली. "चाल वं," ती मुलीला म्हणाली. दोघी निघाल्या. दारात मुलीने ओढणी डोक्यावरून घेतली, सवयीने, कारण बाहेर ऊन नव्हतंच.

मला राग आला. प्रदर्शनात मी दुसरे फोटो लावले, लोकांनी बरे म्हटले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे आणि माझ्या मते तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. तिला पुन्हा एकदा विचारावं, असं मला दर पावसाळ्यात काम कमी असताना वाटतं. मग तिचं ते 'उभी मी होती' आठवतं आणि मी फोन उचलत नाही. तिचे क्लास जोरात चालू आहेत. संध्याकाळी रस्त्यात भेटली तर आम्ही एकमेकींना हात करतो, थांबत नाही.